सगुणाने केलेलं मैदान

मिरजोळ्याच्या सगुणाचं खळं चार गावांत नावाजलेलं. पाऊस सरला की अंगणात माती पसरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने बडवून बडवून भुई बसवायची आणि वरून शेणाने सारवायचं. तिच्या खळ्यात भात झोडलं तर दाण्याला मातीचा कण म्हणून लागायचा नाही.

म्हणूनच १९३४च्या कार्तिकात रत्नागिरीतल्या एका छोट्या शाळेचे ड्रिलमास्तर आत्माराम तिच्या दारी आले. शाळेच्या आवारात नुसता कातळ. त्यावर माती घालून खो-खोचं मैदान करायचं होतं. जिल्ह्यातले सामने पहिल्यांदाच तिथे भरणार होते.

"जमलं, तर मैदानाचं काम कायमचं तुझ्याकडे," मास्तर म्हणाले.

नवरा गेल्यापासून सगुणाला बारमाही काम मिळालं नव्हतं. तिने तुळशीला हात जोडले आणि चोपणं उचललं.

बारा दिवस ती आणि तिची जाऊ सखू राबल्या. मैदान असं झालं की त्यावर पाय टाकायला सगुणाच धजेना.

सामन्यांच्या आदल्या दिवशी दुपारी मुलं सरावाला उतरली. पहिला पळणारा खांबाला वळसा घालायला गेला तो पाय घसरून सपशेल आडवा. मागचा त्याच्या अंगावर.

"सगुणाबाई, इथे पंगत बसवा, खो-खो कसला!" एकजण कोपर चोळत म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. "हेडमास्तर म्हणतात, सकाळपर्यंत पाय ठरले नाहीत तर सामने मांडवीच्या किनाऱ्यावर न्यायचे. मग मैदानाला दुसरं माणूस बघावं लागेल."

सगुणा उकिडवी बसली. भुईवरून तळवा फिरवला. लोण्यासारखी भुई.

"माजीच चूक, मास्तरानू. मी भुई दान्यासाटी केली. दाना सुटाय हवा, पन पाय धराय हवा."

तिने सखूला करवंदीच्या फांद्या तोडायला लावल्या. सखूने कपाळाला हात लावला. "अगो, सारवल्या भुईवर काटं वढतंस? लक्ष्मी रुसंल!"

"रुसली तर मी समजूत काढीन. तू वढ."

भुईला डोकं टेकून सगुणाने पाणी शिंपडलं. दोघींनी फांद्या ओढून सगळं सारवण खरवडलं, वर मांडवीहून आणलेली काळी वाळू भुरभुरली आणि हलक्या हाताने चोपली. बारा दिवसांच्या कामावर ओरखडेच ओरखडे. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. दिवेलागणीला भुई बसली.

सकाळी कोपर चोळणाऱ्यालाच मास्तरांनी आधी पळवलं. तो खांबाशी गर्रकन वळला, पायाची बोटं भुईत रोवली आणि सरळ निघून गेला. सामने सुरू झाल्याची शिटी वाजली.

"बस आता सावलीत," मास्तर म्हणाले.

सगुणा बसली नाही. खांबाजवळची माती कुठे उडते तेवढंच बघत राहिली. पहिला डाव संपला तशी ती घागर घेऊन मैदानात उतरली आणि पाणी शिंपडू लागली. हेडमास्तर बाजूला सरून उभे राहिले, तिला वाट द्यायला.