हरणांच्या वाट्याची चवळी

धुरपदाबाई लग्न होऊन या शेतावर आल्या, त्या वर्षापासून त्यांनी हरणंच हाकलली. धुळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं पाच एकर रान. कपाशी चार पानांवर आली की टेकडीवरून पाच-सात हरणं उतरायची आणि कोवळे शेंडे खुडून जायची. चिंधाभाऊ, त्यांचे यजमान, पत्र्याचा डबा बडवायचे आणि बाई गोफण फिरवायच्या. हरणं जायची, तासाभराने परत यायची.

चार वर्षांपूर्वी बाई बांधावरून घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. ऐन पेरणीत प्लॅस्टर. टेकडीलगतची दगडगोट्यांची पट्टी त्या साली पेरायची राहून गेली. तिथे आदल्या वर्षीची सांडलेली चवळी आपोआप उगवली. बाई झोपडीपुढे खाट टाकून बसलेल्या, दुसरा उद्योग नाही. सकाळी त्यांना दिसलं की हरणं उतरतात, चवळीत चरतात आणि ऊन चढलं की वर निघून जातात. खालच्या कपाशीकडे फारशी वळतच नाहीत. आठ दिवस त्यांनी हेच पाहिलं.

"यंदा मी कपाशी चांगली राखी," चिंधाभाऊ खुशीत म्हणाले.

"तुम्ही नही राखी, त्या चवळीनी राखी," बाई म्हणाल्या.

पुढच्या साली त्यांनी ती पट्टी मुद्दाम पेरली. पावसाळ्यात चवळी आणि मटकी, दसऱ्यानंतर हरभरा. उन्हाळ्यात विहिरीला पाणी उरलं तर थोडी बाजरी. ज्वारी नाही, कारण कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे त्यांना ठाऊक होतं, आणि गुरांना बाधते ती हरणांना कशाला द्यायची? चिंधाभाऊ डोक्याला हात लावून हसले, पण पेरणीची पाभर त्यांनीच धरली.

घोटाळा झाला तो हरभऱ्यात. पट्टीचं एक टोक शेजारच्या तोतारामच्या बांधाला जाऊन भिडलं होतं. हरणांना बांध थोडाच कळतो! एका सकाळी तोताराम तावातावाने आला.

"अक्का, तू हरणंसले आवतन देस का? मना चार ओळी हरभरा बठ्ठा खाई टाका!"

बाई तशाच त्याच्याबरोबर गेल्या. खरंच, चार ओळींत नुसते बुडखे उरले होते.

"चूक मनी शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पट्टी नालाकडे लई जासू."

संध्याकाळच्या आत त्यांनी घरचं बी आणून त्या चारही ओळी स्वतःच्या हाताने पुन्हा टोकल्या. गुडघा ठणकत होता, तरी मधे बसल्या नाहीत. तोताराम आधी लांबून बघत होता, मग तोही वाकून टोकायला लागला. पुढच्या वर्षी पट्टी नाल्याकडे सरकली आणि तोतारामच्या बांधाला बाईंनी करडईच्या तीन ओळी लावल्या. करडई काटेरी झाली की हरीण तिच्यात तोंड घालत नाही. त्या हंगामात तोतारामचा हरभरा शाबूत निघाला. यंदा पेरणीच्या आधी तो लसूणघासाच्या बियाण्याची पिशवी घेऊन आला आणि खाटेवर ठेवत म्हणाला, "हाई पन पेरी पाहा, अक्का."

बाईंची मुलगी मोहिनी जळगावला, पिंप्राळ्यात राहते. "आई, पंधरा दिवस येऊन राहा," म्हणून ती मागे लागली होती. बाई गेल्या आणि आठव्या दिवशी परतल्या. हरभरा उगवायच्या बेतात होता, त्यांचं मन तिकडेच लागलं होतं. शेवटी मोहिनीच सुट्टी काढून शेतावर आली.

सकाळी दोघी झोपडीपुढे चहा घेत बसल्या. पट्टीत एक हरिणी आणि तिचं पाडस चरत होतं. मोहिनीने फोटो काढायला मोबाइल उचलला आणि नेमका तो वाजला. हरिणीने मान वर केली. मोहिनी घाबरून फोन बंद करायला लागली.

"बोल ना तू," बाई म्हणाल्या. "त्या काही जातीन नही."

हरिणीने क्षणभर इकडे पाहिलं आणि पुन्हा हरभऱ्यात मान घातली. मोहिनी हळू आवाजात नवऱ्याशी बोलत राहिली. बाईंनी कप खाली ठेवला, विळा घेतला आणि कपाशीतलं गवत काढायला त्या निघाल्या.