ऐनाच्या झाडांवरचे घाव

माझे वडील गावदेवीचे गुरव होते. आमचं गाव खालापूरच्या वरच्या अंगाला, बोरघाटाच्या पायथ्याशी. माझं लग्न कडावला झालं होतं आणि पदरात एक मुलगी होती, नुकती बोलायला लागलेली. माहेरी आबा आणि माझा थोरला भाऊ, दोघंच. आई मी लहान असतानाच गेली.

त्या वर्षी होळीनंतर डोंगरात दरोडेखोर उतरल्याची बातमी आली. पलीकडच्या गावात त्यांनी बायकांच्या अंगावरचे दागिने ओरबाडून नेले, एकीचा कान फाटला. मग आमच्या गावानं देवळात बसून ठरवलं की सगळ्यांनी आपापलं सोनंनाणं एका तांब्याच्या हंड्यात घालायचं, त्यातच देवीचा चांदीचा मुखवटा ठेवायचा आणि आबांनी एकट्यानं तो हंडा रानात पुरून यायचं. जास्त जणांना ठाऊक झालं तर एखाद्याला मारून बोलतं करतील, म्हणून एकट्यानंच. आबा पहाटे कुदळ आणि कोयता घेऊन गेले आणि उन्हं चढायच्या आत परत आले. पाटलांना एवढंच म्हणाले, "जुन्या बैलवाटंला झाडावर खुना केल्यात. माझं काय झालंच तर त्या धरून जावा."

बैलवाट म्हणजे आगगाडी घाटातून जायच्या आधी ज्या वाटेनं लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य वर नेत, ती. गाडी सुरू झाल्यावर ती ओस पडली होती.

पावसाळा संपत आला तोवर दरोडेखोर पांगले होते. घटस्थापनेला मुखवटा हवा म्हणून गावानं आबांना सांगितलं, आता हंडा काढू. आबा म्हणाले, "पाऊस थोडा उघडू दे, नाल्याला पानी हाय." आणि त्याच आठवड्यात देवळाच्या पायरीवर ते कोसळले. उजवं अंग गेलं. वाचा गेली. तोंडातून फक्त "मा... मा..." एवढाच आवाज निघायचा.

मी पोरीला सासूबाईंकडे ठेवून कडावहून धावत आले तेव्हा ओसरीवर गावातले पुरुष उभे होते. आधी सगळे हळहळले. मग एक जण म्हणाला, नेमकं आत्ताच कसं झालं? ते वाक्य गावभर फिरलं. दुसऱ्या सकाळी पाटलांचा धाकटा भाऊ बाभळीचा काटा घेऊन आला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं तो आबांच्या उजव्या पायाच्या तळव्यात खुपसला. सोंग असेल तर पाय झटकतील म्हणून. पाय हलला नाही. रक्ताचा थेंब आला. आबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते तळव्याच्या दुखण्याचं नव्हतं, तळवा तर मेलाच होता.

"लई पक्का हाय म्हातारा," पाटलांचा भाऊ म्हणाला आणि काटा अंगणात फेकून गेला.

दादा त्याच्या अंगावर धावणार होता. मी त्याला कवळ घालून अडवलं.

नवरात्र मुखवट्याविना गेलं. त्यानंतर आम्हाला विहिरीवर कुणी पाणी भरू देईना. चूल विझली तर कुणी विस्तव देईना. मी ओढ्याचं पाणी आणायची. मला वाटलं, कडावला जाऊन यावं, पोरीला बघावं. तिथं पोचले तर सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. बातमी माझ्या आधी तिथं पोचली होती.

"आमाला चार लोकांत बसायचं हाय," त्या म्हणाल्या. "हंडा गावला की ये. पोर हितंच ऱ्हाऊ दे."

मी मालकांकडे बघितलं. ते खाली मान घालून दावं वळत होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. आतून पोरीचा आवाज येत होता, कुणाशी तरी खेळत होती. मी तिला हाक मारली नाही. मारली असती तर ती आली असती, आणि मग तिला सोडून मला निघवलंच नसतं.

मी परत आले ती एकच गोष्ट मनात धरून. हंडा मिळाला तर पोर मिळेल.

दादा आणि मी रोज गाव उठायच्या आधी बैलवाटेनं वर जायचो. गवत कमरेच्या वर वाढलं होतं. झाडंच झाडं, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या झाडावर काही ना काही खूण. मध काढणाऱ्यांनी ठोकलेल्या खुंट्या. लमाणांनी फांदीच्या बेचक्यात ठेवलेले दगड, झाडानं अर्धे गिळलेले. सरकारी हातोड्याचे शिक्के, त्या झाडांची तोड होणार म्हणून. हेद, किंजळ, बेहडा, प्रत्येकाच्या अंगावर कुठं ना कुठं घाव. जिथं संशय येई तिथं दादा पहार मारी. दगड लागे, मुळं लागत. एकदा पहार खणकन वाजली तेव्हा आम्ही दोघं हातांनी माती उपसायला लागलो. नखं फुटली. निघालं काय, तर बैलाच्या पायातल्या नालाचा तुकडा.

दुपार कलली की आम्ही नाल्याच्या उतारानं घसरत खाली यायचो. बैलवाट गावात उतरते ती पाटलांच्या खळ्यासमोर, आणि रिकाम्या हातानं त्या खळ्यासमोरून जायची आमची छाती नव्हती.

घरी आल्यावर आम्ही आबांपुढे राख पसरायचो. ते डाव्या हाताच्या बोटानं एक उभी रेघ काढत आणि तिच्यावर दोन आडव्या. मग तोच हात उचलून मानेमागे नेत आणि तिथं थोपटत. पुन्हा रेघ, पुन्हा मानेमागे हात. तसली रेघ असलेलं झाड आम्हाला रानात कुठंच दिसलं नव्हतं. मी म्हणायची, "मान दुखती का, आबा?" आणि तेल चोळायला बसायची. ते हात झटकून टाकत, "मा... मा..." करत डोकं भिंतीवर आपटत. वाचा गेली तशी बुद्धीही चालली, असं दादाला वाटायला लागलं. मलाही.

कोजागिरी झाली आणि ठेकेदाराची माणसं डोंगरात शिरली. कुऱ्हाडींचे आवाज खालपर्यंत ऐकू यायचे. एकेक झाड पडलं की दादा खाली बसायचा. न जाणो, तेच असेल. त्यात पाटलांनी निरोप धाडला की दिवाळीच्या आत हंडा आला नाही तर गुरवानं घर सोडायचं, देवीला दुसरा गुरव बघतील. अंग लुळं पडलेल्या बापाला घेऊन आम्ही कुठं जाणार होतो?

"मी आबाला वर नेतो," दादा एका सकाळी म्हणाला. "बोलता येत नाय, पन बघता तर येतंय."

त्यानं एक पाट घेतला, त्याला दोर बांधले आणि आबांना पाठीला पाठ लावून आपल्या पाठीवर बसवलं. आबांचं तोंड मागच्या बाजूला, उताराकडे. लुळा पाय लोंबत राहू नये म्हणून मी तो जुन्या लुगड्याच्या धडप्यानं दुसऱ्या पायाला बांधला आणि पुढं कोयत्यानं गवत बाजूला करत चालायला लागले.

थोडं चढून गेलो आणि आबा ओरडायला लागले. "मा! मा!" दादा थांबला. मी मागं येऊन बघितलं, दोर काखेत रुतले होते. मी फडकं घातलं. पुढं गेलो, पुन्हा ओरडणं. पुन्हा थांबलो, पाणी पाजलं. ते पाणी थुंकून डाव्या हातानं हवेत काहीतरी दाखवत, मागं, खाली, आम्ही आलो त्या वाटेकडे. दादा म्हणाला, "घरी जायचं म्हनतोय. दुखत असंल. पन आता मागं फिरून कसं चालंल?" आणि तो चालत राहिला. वरपर्यंत ते ओरडतच राहिले. शेवटी शेवटी ते दादाच्या डोक्यावर बुक्क्या मारत होते.

खिंडीत पोचल्यावर दादानं त्यांना एका खडकाला टेकवून बसवलं. त्यांचा आवाज बसला होता, मान छातीवर पडली होती. समोर सगळा उतार दिसत होता, मधेमधे तोडीनं बोडका झालेला. दादा त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला.

"बग की, आबा! कुठं हाय? नुसतं बोट दाव रं!"

आबांनी मान वर केली नाही.

"चोर म्हनत्यात तुला! ऐकतोस का? माझ्या बापाला चोर म्हनत्यात!" दादानं त्यांचे खांदे धरून हलवले आणि मग एकदम सोडून दिले. तो उठला आणि कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. खाली खोल दरी होती. त्याचे पाय नुसते गवतावर पुढंमागं होत होते.

मी हळूच गेले आणि त्याच्या धोतराचा सोगा मुठीत धरला. "दादा," मी म्हटलं, "तू गेलास तर आबांना खाली कोन न्हेईल? माझ्यानं उचलनार नाय."

त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडला.

आबांना पाठीवर घेऊन नाल्यानं उतरणं शक्यच नव्हतं, तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही बैलवाटेनं खाली निघालो. दादा जपून पाय टाकत होता, मी पुढं. आता लपवायचं तरी काय उरलं होतं? पाटलांच्या खळ्यावर किती माणसं असतील एवढाच विचार डोक्यात होता.

एका वळणावर मी आधारासाठी एका ऐनाला हात लावला आणि बोटं खाचेत गेली. कमरेच्या उंचीवर एक उभा घाव, त्यावर दोन आडवे. खाचेच्या कडा फुगून आल्या होत्या, आत काळसर चीक वाळला होता. मी झाडाला वळसा घालून खालच्या बाजूला गेले. तिकडून साल कोरी. या झाडासमोरून आम्ही रोज चढत होतो आणि रोज त्याची कोरी बाजू बघत होतो.

मानेमागं हात. झाडाच्या मागं. आबांनी सगळ्या खुणा झाडाच्या वरच्या, डोंगराकडच्या अंगाला केल्या होत्या, गावातून माग काढत वर येणाऱ्या दरोडेखोराला दिसू नयेत म्हणून. आणि सकाळी पाटावर उलटे बसलेले आबा त्यातली एकेक खूण बघत, एकेका खुणेला ओरडत वर गेले होते.

"दादा," मी म्हटलं. "दादा, मागं बग."

त्यानं खूण बघितली. तो आबांना घेऊन तसाच मटकन खाली बसला.

मग आम्ही झाडाला झाड गाठत उतरलो. आता आबा गप्प होते. मधला एक टप्पा तोडलेला होता. तिथं नुसती खोडं, गुडघ्याएवढी, आणि आमच्या खुणा कमरेवर. मी दादाला पाट सोडून आबांना मांडीवर घ्यायला सांगितलं, म्हणजे त्यांचं तोंड उताराकडे होईल. आबांनी खोडांकडे बघितलं नाही. त्यांनी डावा हात उचलून सरळ पलीकडच्या मोठ्या कातळाकडे दाखवला, नाल्याच्या काठी, ज्याच्या जवळूनच आम्ही रोज घसरत उतरत होतो.

कातळाच्या पोटाखाली पाण्यानं गाळ आणून भरला होता. पहार आणलेली नव्हती. आम्ही कोयत्यानं आणि हातांनी उकरलं. आधी एक सपाट दगड लागला, त्याखाली फडक्यानं तोंड बांधलेला हंडा. फडकं हात लावताच फाटलं. आत देवीचा मुखवटा काळा पडून वर बघत होता.

दादानं तो हंडा डोक्यावर घ्यायचं म्हटलं, तर आबांना कोण घेणार? शेवटी हंडा मी घेतला. पाटलांच्या खळ्यासमोरून आम्ही गेलो तेव्हा भाताची झोडणी चालली होती. माणसांचे हात वरच्या वर थांबले.

देवळासमोर हंडा रिकामा केला. ज्याचं त्यानं ओळखून घेतलं. पाटलीणबाईंनी पुतळ्यांची माळ दोनदा चाचपली आणि गुपचूप पदराखाली घातली. सगळं होतं. कुणी "चुकलं" म्हणालं नाही. पाटलांच्या भावानं एक नारळ आणून आबांच्या पायाशी ठेवला आणि नजर न मिळवता निघून गेला. पाटील म्हणाले, "गुरव, देवीची पूजा तुमच्याच घरात ऱ्हाईल." त्यांनी मुखवटा आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

"दुसरा गुरव बघा," दादा म्हणाला.

आबा दिवाळी बघू शकले नाहीत. वर नेल्या-आणल्याचा शीण त्यांना सोसला नसावा, किंवा मग थांबायचं काही कारण उरलं नसेल. त्यांना खांदा द्यायला सगळं गाव आलं. दादानं कुणाला नको म्हटलं नाही, पण तेरावं उरकल्यावर घराला कडी घातली आणि कर्जतला आगगाडीच्या कामावर गेला. इंजिनात कोळसा भरायचा. गावात तो पुन्हा राहिला नाही.

मला कडावला सोडायला तोच आला. सासूबाई अंगणात भात वाळवत होत्या. "आलीस? ये," एवढंच म्हणाल्या. मालक गोठ्यातून बाहेर आले आणि दादाला बसायला घोंगडी टाकून तिथंच घुटमळत राहिले. मुलगी सासूबाईंच्या लुगड्याला धरून उभी होती. तिचं जावळ काढलं होतं, मला कुणी कळवलंही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"कोन आलंय गं?" सासूबाईंनी तिला विचारलं.

"पाव्हनी," ती म्हणाली, आणि आत जाऊन दोन्ही हातांनी तांब्या धरून, सांडत सांडत, माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

मी ते पाणी प्याले. तिला जवळ ओढावं असं फार वाटलं, पण ती बिचकली असती. मी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला आणि सासूबाईंच्या शेजारी बसून भातातले खडे निवडायला लागले.