ओल्या पायांची पूजा

दोन हजार तेवीस साल. मला शहात्तरावं लागलं होतं. शाळा तिसरीपर्यंत, पुढची सगळी जिंदगी मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहिली. सडक्या कांद्याच्या चिखलातून चाललो, पण कधी घसरलो नाही. घसरलो ते बिबवेवाडीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये, देवापुढं.

आमच्यात आंघोळ झाली की अंग पुसत नाहीत. पंचा नेसून निथळत्या पायांनी थेट देवाकडं जायचं, वाटेत कशाला शिवायचं नाही. टॉवेलला घरातल्या साऱ्यांचे हात लागलेले, म्हणून तोही नको. बापानं जाताना खंडोबाचे टाक माझ्या हातात दिले, तेव्हा हीच रीत सांगितली. बापाच्या घरी शेणानं सारवलेली जमीन, सांडलेलं पाणी पिऊन टाकायची. मुलाकडची फरशी अशी चकचकीत, की तीत तोंड दिसावं. मला दिसलं, अगदी जवळून.

हाड मोडलं नाही. खुब्याला मुका मार बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, पाय कोरडे करून बाहेर यायचं. आणि घरात रबरी तळाच्या चपला घालायच्या."

"देवासमोर चपला?"

"देव रागावणार नाही हो. खुबा मोडला तर मात्र अंथरूण सुटायचं नाही."

मुलानं न्हाणीघरात धरायला स्टीलची दांडी बसवली. तिच्यावर मी पंचा वाळत घातला. चपला आणल्या, त्या उचलून दाराबाहेर ठेवल्या. सुनेनं आत आणल्या. मी परत बाहेर. आठवडाभर हाच खेळ. दुसऱ्यांदा पाय सरकला तेव्हा देव्हाऱ्याची कड धरली म्हणून वाचलो. समई आडवी झाली, फरशीभर तेल.

संध्याकाळी सून म्हणाली, "आप्पा, चपला राहू द्या. निदान पाय तरी पुसा."

"माझ्या बापानं पुसले नाहीत."

मुलगा मोबाईलमधून डोकं न काढता बोलला, "त्यांच्या घरी टाइल्स नव्हत्या."

"मग उखडून टाक."

"वा! फरशी उखडू, पण पाय पुसणार नाही." आता मात्र त्यानं मान वर केली. "आप्पा, तुम्ही पडलात की मी ऑफिस सोडून पळत यायचं. उद्यापासून पूजा ही करेल. तुम्ही लांबून हात जोडा."

सून खाली बघत सकाळच्या तेलाचा उरलेला चिकटा पुसत राहिली.

त्या घरात खाट मुलाची, टीव्ही नातवंडांचा, जेवणाची वेळ सुनेची. माझं म्हणावं असे तेवढे ते देव होते. पुसतो पाय, एवढं म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण ते म्हणणारा मी नव्हे. पोरानं हुकूम द्यायचा आणि बापानं पाय पुसायचे?

"करू दे तिला," म्हणालो. "तुमचं घर, तुमचे देव."

मुलाला वाटलं, म्हाताऱ्याला पटलं. "बरं झालं," म्हणाला आणि पुन्हा मोबाईलमध्ये शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत घंटी वाजली. पूजेआधी उभ्या जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी पारोसाच हॉलमध्ये बसलो, देव्हाऱ्याकडं पाठ केली आणि चहा मागितला.