हाक न ऐकणारी जादूगारीण

गुरप्रीतचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका फायलीवरून तावातावाने बोलत होते. "नंदन नहीं रहा," एवढंच तो म्हणाला. मी समोरच्या माणसाला "एक मिनिट हं, आलेच" असं म्हणून बाहेर गेले, जणू काही तरी निस्तरून परत येणार होते... नंदन बरेच दिवस आजारी होता. तरी मनाची तयारी की काय म्हणतात, ती माझी अजिबात झालेली नव्हती.

नंदन माझा पहाडगंजच्या मराठी शाळेपासूनचा मित्र. पुढे तो एका मंत्रालयात लागला, मीही सरकारी नोकरीतच, आणि रविवारी दुपारी मयूर विहारला त्याच्या घरी आमचा खेळ रंगायचा. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, अडचण आली की फासे टाकतात आणि फासे म्हणतील तशी गोष्ट पुढे जाते. सांगणारा नंदन. खेळणारे मी, त्याच्या ऑफिसातला गुरप्रीत आणि आणखी कुणी तावडीत सापडेल तो. पन्नाशीकडे झुकलेली माणसं राक्षस मारत बसलेली पाहून सोसायटीतले लोक काय म्हणत असतील ते म्हणोत.

या खेळात प्रत्येक पात्राला एक पेशा असतो, त्याला आम्ही क्लास म्हणायचो. त्यातले जादूगारांचे क्लास नंदन स्वतः रचायचा. इंटरनेटवरचे तयार जादूगार त्याला मुळीच खपत नसत. "सगळे एकाच माळेचे मणी. एक आग फेकतो, दुसरा बर्फ. शेवटी फेकतातच ना?" जादूगाराला काय येतं ते कुणीही लिहील, काय येत नाही ते आधी ठरवा, असं त्याचं म्हणणं. गुरप्रीतसाठी त्याने रफूवाला केला. फाटलेलं काहीही तो सांधायचा, सदरा, पूल, दोन राजांची मैत्री... पण दोरा स्वतःच्याच कपड्यांतून उसवून घ्यायचा, त्यामुळे मोठी लढाई संपेपर्यंत बिचारा जवळजवळ उघडा. माझ्यासाठी मौनी. मी टेबलाशी जितकी गप्प बसेन तितकी माझी जादू वाढणार! मी चिडले, भांडले आणि त्या भांडणातच होती नव्हती ती सगळी जादू घालवून बसले. गुरप्रीत हसून हसून लाल. पण खरं सांगते, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेण्यात काय मजा असते ती मला त्या मौनीने दाखवली. क्लास जमला की नाही हे खेळणारा खुर्चीत कसा बसतो त्यावरून कळतं, असं नंदन म्हणायचा.

त्याची बायको रेवती मात्र कधी खेळली नाही. चहा-चिवडा ठेवायची आणि "तुमचे राक्षस तुम्हीच मारा" म्हणून आत जायची. तिने खेळावं म्हणून याचा जीव तुटायचा. एकदा मोठ्या हौसेने त्याने तिच्यासाठी वैद्यीण रचली. हात लावला की जखम भरते. त्याच्या मते अगदी तिच्या स्वभावाला शोभेलशी. रेवतीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मुलांचे डबे बघते, तुझ्या गोळ्या बघते, आता रविवारी दुपारीपण जखमाच बांधू?" नंदनचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आम्हा सगळ्यांच्या नाड्या ओळखणाऱ्या या माणसाने घरच्या बाईला काय हवंय ते विचारलंच नव्हतं. मग विचारलं. ती म्हणाली, "कुणी हाक मारली तर मला ऐकू येऊ नये. बस, एवढीच जादू."

दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. नंदन कामाला लागला. आजार तोवर बळावला होता, बसवत नव्हतं, तरी उशा लावून बसायचा. त्यातून जी जादूगारीण झाली तिचं नाव बेपत्ता. मनात येईल तेव्हा ती गोष्टीतून नाहीशी होणार. कुठे गेली ते कुणी विचारायचं नाही, मदतीला बोलवायचं नाही. परत येईल तेव्हा मात्र तिथून असं काही आणेल की सगळ्यांची सुटका होईल. त्या रविवारी रेवती पहिल्यांदा टेबलाशी बसली. पहिल्याच पाळीला म्हणाली, "मी चालले," आणि पाय वर घेऊन चिवडा खात बसली. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. नंदन राक्षस विसरून तिच्याकडेच बघत होता.

पुढच्या आठवड्यात त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. शेवटची भेट तिथलीच. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "नंद्या, ती किती वेळ गायब राहू शकते ते ठरवलंच नाहीस. आम्हा सगळ्यांना मर्यादा, आणि तिला?"

"तिला नको."

"अरे, मग आम्ही मरू की!"

"मरा ना यार," तो हसला, खोकला, जरा वेळ डोळे मिटून पडला. मग म्हणाला, "मी गेल्यावर ती आल्यागेल्याला चहा करत बसेल, बघ. तुम्ही तरी तिला हाक मारू नका."

आणि तसंच झालं. माणसं येत होती, रेवती चहा करत होती. कुणी तरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "कुणावाचून कुणाचं अडत नाही." मला इतका राग आला! ज्या जादूगारावाचून खेळात कुणाचंच अडत नाही, त्याचा कागद नंदन फाडून टाकायचा.

काही आठवड्यांनी रेवतीचाच फोन आला, "रविवारी या." गोष्ट मी सांगायला घेतली, जमेल तशी. फासे गुरप्रीतवर रुसले होते. पूल तुटला, रफूवाला दरीवर लोंबकळत राहिला, अंगावर उसवायला धागा उरला नाही. त्याला वाचवू शकणारी एकच, आणि ती समोरच बसून खिडकीबाहेर बघत होती. गुरप्रीतने तिच्याकडे पाहिलं. "भा..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि त्याने ओठ मिटले. शेवटचा फासा टाकला. रफूवाला गेला. इतक्या वर्षांचा त्याचा रफूवाला... स्मशानात ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं तो गुरप्रीत त्या खोट्या शिंप्यासाठी हमसून हमसून रडला, आणि मीही.

रेवतीने खिडकीकडची नजर काढली नाही. हळूच म्हणाली, "मी जिथे गेलेय ना, तिथे नंदन आहे. राहू दे मला अजून थोडं."

गुरप्रीतने दाढीपर्यंत ओला झालेला चेहरा पुसला.

"आराम से आना, भाभी."