तपकिरी रंगाचा जाणकार

लॅबच्या डॉक्टरबाई चहा संपवून यायच्या आत मी निकाल जाहीर करून मोकळा झालो होतो.

माझ्या धाकट्या मेहुण्याच्या मेंदूतली गाठ काढली होती. तशा गाठीच्या दोन जाती असतात. दिसायला सारख्या, पण एक हळू वाढते आणि दुसरी फार वेळ देत नाही. नुसत्या सूक्ष्मदर्शकातून फरक कळेना, म्हणून गाठीच्या पातळ कापांवर खास रंग चढवायला दिला होता. तो पाहायला पनवेलला मी गेलो. मीच का, तर रसायनीच्या कारखान्यात माझा जन्म रंग तपासण्यात गेलेला. आमच्याकडे पांढरी पावडर तपकिरी पडली की बॅच फेल. हे ज्ञान मी कळंबच्या सासुरवाडीत दर पंगतीला वाढलेलं आहे.

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर निळे ठिपके होते आणि त्यांच्या अवतीभवती भरभरून तपकिरी. बाहेर येऊन कळंबला चुलत सासऱ्यांना फोन लावला, "तपकिरी आलाय. मनाची तयारी ठेवा."

बाई आल्या, पडदा पाहून म्हणाल्या, "वा, छान चढलाय रंग."

मला त्यांचा रागच आला.

"अहो, हा रंग हळू वाढणाऱ्या जातीवरच चढतो. गाठ कायमची गेली असं नाही म्हणत मी, पण उपचारांना वर्षं मिळतील."

मग मी फोन लावतच सुटलो. कोणी उचलेना. कळंबला पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. बायको खांबाला टेकून बसलेली. मेहुणा मात्र डोक्याला पट्टी बांधून आल्यागेल्याला पाणी विचारत होता. मला बघून हसला.

"दाजी, तपकिरी आला म्हनं. माजी बॅच फेल ना?"

"नाय रं, पास हाय. मलाच कळलं नाय."

मग तेच पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं, सगळ्या अंगणाला. "मंग आमाला कशाला पळवलंस?" चुलत सासरे ओरडले. मेहुण्यानं हातातला तांब्या खाली ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि मग रडला.

परतताना गाडीत बायको म्हणाली,

"घाबरला व्हता ना तुमी? मंग पयला फोन मला करायचा. मी एकटीनं रडून घेतलं असतं."