डी, ए, आर

माझे वडील, आमचे बाबूजी, करडीजवळच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. तास संपत आला की ते फळ्यावर पाच अक्षरं लिहीत आणि म्हणत, "आता यातून जेवढे शब्द निघतात तेवढे काढा." धानाच्या बांधीतून चिखल तुडवत शाळेत आलेली पोरं मग एकमेकांवर ओरडत शब्द सांगायची. मीही त्यांच्याच वर्गात होते. इंग्रजीची भीती माझी तिथेच गेली.

मागच्या उन्हाळ्यात त्याच वडिलांना लकवा मारला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडातून नुसता घरघरता आवाज यायचा. तो ऐकून ते स्वतःच दचकायचे.

मी साकोलीला एका कचेरीत कारकून आहे. रजा टाकून गावी गेले. नागपूरला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "यांना शब्दांचं काय आवडायचं?" मी फळ्यावरचा तो खेळ सांगितला. त्या म्हणाल्या, "मग तोच खेळा. पण शाळा घेऊ नका."

मी पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर इंग्रजी अक्षरं लिहिली. रोज दुपारी बाबूजींच्या खाटेवर पाट ठेवायचा, पाच अक्षरं मांडायची आणि वाट पाहायची. सुरुवातीला ते नुसते बघत बसायचे. ज्या माणसानं गावाला इंग्रजी शिकवलं त्याला आता 'कॅट'ही जमत नव्हतं. मग एक दिवस डाव्या हातानं त्यांनी 'पिन' लावला. दुसऱ्या दिवशी 'टिन'. आई चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, "मले वाचता येत नाही, पण बराबर हाये न वो?"

एकदा मी 'पेंट'ची पाच अक्षरं दिली होती. त्यांनी चारच घेतली. पी, ए, एन, आय. मी म्हटलं, "बाबूजी, असा शब्द नाही. पुन्हा पाहा." त्यांनी त्याच चार अक्षरांवर बोट आपटलं. मी अक्षरं विस्कटून परत मांडली. त्यांनी परत तेच लावलं, आणि मग पाटच ढकलून दिला. दुसरा झटका तर येत नाही ना?

आईनं अंगणातून विचारलं, "काय झालं वो?"

"काही नाही. पी-ए-एन-आय लावून राहिले. पनी... पाणी..."

म्हणता म्हणताच मी थांबले. ते पाणी मागत होते. पेला तोंडाला लावला तेव्हा त्यांनी तो एका दमात संपवला.

त्या दिवसापासून मी सगळी अक्षरं पेटीत भरून त्यांच्या उशाशी ठेवली. इंग्रजी लावा, मराठी लावा, काहीही लावा. रजा संपली तशी मी साकोलीला परतले. आईला एवढंच शिकवलं, की त्यांनी काही मांडलं आणि तुला कळलं नाही तर फोटो काढून मला पाठव. फोटो आला की मी कचेरीतून फोन करून सांगायची, "चहा मागतात," नाहीतर "पंखा लाव म्हणतात." कधी नुसताच 'प्लेट' किंवा 'रिव्हर' असायचा, तो खेळ होता. आज शब्द लांब आला की मी खूश, उद्या आखूड आला की दिवसभर जिवाला घोर.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी फोटो आला. डी, ए, आर. एवढंच.

मी वाचलं 'डर'. आमच्याकडे भीतीला सगळे डरच म्हणतात. फोन लावला, तर बंद. पुन्हा लावला, बंद. शेजारच्यांचाही लागेना. मी साहेबांना सांगून निघाले आणि भंडाऱ्याची गाडी धरली.

गाडीत तो फोटो मोठा करून करून पाहत होते. एखादं अक्षर खाटेखाली पडलं असेल का? मग या तिघांत आणखी अक्षरं घालत बसले. डार्क? म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी आली का? हार्ड? छाती जड झाली का? डिअर? कार्ड? यार्ड? जितके शब्द निघत गेले तितका जीव घाबरत गेला. शेजारच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी पुन्हा घरचा फोन लावून पाहिला. भंडाऱ्याला करडीकडची गाडी मिळेपर्यंत तर मला एका जागी बसवेना.

घरापुढे माणसं जमलेली नव्हती. ते पाहिलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आई ओसरीत तांदूळ निवडत होती. "तू? आज सुट्टी हाये का?"

"बाबूजी कसे आहेत? फोन काहून बंद आहे?"

"सकाळपासून लाइन नाही. तुले फोटो पाठवला अन् फोन मेला. घरात उकडून राहिलं होतं. त्यायनं बोट दाखवलं, तवा समजलं. दार उघड म्हणत होते."

दार! ती तीन अक्षरं दारालाही तितकीच लागू होती आणि मला ते सुचलंच नव्हतं.

बाबूजी उघड्या दाराशी खुर्चीत बसले होते. माझी पिशवी, माझे विस्कटलेले केस, सगळं त्यांनी निरखून पाहिलं. ओठ हलले. घशातून तीच घरघर निघाली, आणि तिच्यामागून शब्द आले.

"का... काहून आली?"

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी त्यांच्या गुडघ्याशी बसले आणि म्हटलं, "बाबूजी, अजून एकदा म्हणा."

त्यांनी प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला, पण त्या संध्याकाळी दुसरा शब्द काही निघाला नाही. ते थकून बाहेर बघत राहिले. मी मात्र ते झोपेपर्यंत त्यांच्या ओठांकडेच पाहत होते.