कोरडा शर्ट

त्या उन्हाळ्यात आमच्या कंपनीचा कॅम्प बदनापूरजवळच्या माळावर पडला. फौजेत सासुरवाडीचं पोस्टिंग कुणाला मिळत नाही, मला मिळालं. पहिल्याच सकाळी सासरे परेड बघायला तारेच्या कुंपणाशी उभे. ‘दाहिने मुड’ची ऑर्डर झाली आणि मी छाती काढून ऐटीत डावीकडं वळलो. शेजारचा बराबर वळलेला, त्यामुळं आम्ही नाकाला नाक लावून उभे.

“दाजी, सासरे तिकडं हायेत,” तो ओठ न हलवता म्हणाला. “माझ्याकडं काय बघून राह्यले?”

हा सिपाही किसन खरात, राजूरकडचा. माझी सासुरवाडी त्याच्याच मुलखातली, म्हणून मी त्याचा दाजी. दोघांनाही हसू आवरलं नाही. शिक्षा म्हणून मैदानाला चकरा मारताना तो माझ्यापुढं होता. नेहमीच असायचा.

किसनला लान्स नाईकच्या कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला जायचं होतं. शेवटच्या रूट मार्चमध्ये फॉल आऊट झाला नाही, वाटेत गळून मागं पडला नाही, की नाव पक्कं. आदल्या दिवशी त्याचं अंग तापलं.

“सिक रिपोर्ट कर,” मी म्हणालो.

“अन् नाव कटलं मंग? न्हाई दाजी. उद्याचं तेवढं होऊ द्या.”

आमच्या हवालदारांना सगळे उस्ताद म्हणत. ‘शरीर थकत नाही, डोकं थकतं,’ हे त्यांचं रोजचं वाक्य. जवानाची मेहनत ते शर्टावरून ओळखत. भिजलेला शर्ट म्हणजे खरा जवान, कोरडा म्हणजे कामचोर. मला जेवतानाही घाम फुटतो, त्यामुळं कंपनीत मी उगाच मेहनती गणलो जात होतो.

रूट मार्च दुपारी संपला. किसन सगळ्यांबरोबर कॅम्पात पोचला. पाय भलतीकडं पडत होते, पण पोचला. आम्ही पाठीवरचे पिट्टू उतरवले. आमचे शर्ट पिळून काढण्यासारखे. त्याचा कोरडा, वर मिठाचे पांढरे डाग.

उस्तादांनी त्याच्या शर्टावरून हात फिरवला. “सब भीगे हैं, तू सूखा? कुठं सावलीत बसला होतास?”

“न्हाई, उस्ताद.”

“उस्ताद, त्याला ताप आहे,” मी म्हणालो.

“तू चूप. खरात, कॅडरला जायचं ना? पिट्टू उठा. त्या लिंबापर्यंत, दौड के चल!”

किसन पळाला. लिंबाला हात लावून वळला. येताना मोठ्यानं ओरडत होता, “माय, दार उघड! माय!” रांगेत कुणीतरी हसलं. आमच्यासमोर तो तोंडावर पडला. तोंड मातीत, आणि पाय पळतच होते.

“नाटक बंद,” उस्ताद म्हणाले.

पाय थोड्या वेळानं थांबले.

संध्याकाळी डॉक्टर कॅप्टन उस्तादांना म्हणाले, “डोकं थकतं, हे तुमचं बरोबर. मेंदू आधी थकतो आणि स्नायूंचा लगाम ओढतो. माणूस त्यामुळंच जगतो. तुम्ही त्याला लगाम तोडायला शिकवलंत. आणि घाम आटला तेव्हा तो आतून भाजत होता.”

उस्ताद सावधानमध्ये उभे. “जी साब.”

किसनला राजूरकडं त्याच्या गावी नेलं. त्याच्या आईनं तोंडावरचं कापड काढलं नाही. पायांकडं गेली. तळव्यांचे फोड फुटलेले होते, त्यांवरून पदर फिरवत बसली.

कॅडरला त्याच्या जागी माझं नाव गेलं. घामट माणसाचं नशीब.

एका रात्रीचा पास मिळाला, सासरी गेलो. बायकोला काहीच सांगितलं नाही. जेवलो, झोपलो. सकाळी तिनं चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, “रातभर पाय चालू होते तुमचे. धरून ठेवले, तर म्हणलात, सोड, उस्ताद बघून राह्यलेत.”